जवसाची ढेप

गाईच्या ढेकरांचा विषय निघाला की माणसे आधी हसतात. ते हसणे ओसरेपर्यंत गप्प उभे राहायचे, ही सवय मी संशोधनाच्या पहिल्याच वर्षी लावून घेतली. माझ्या नवऱ्याचे नागपूरच्या गांधीबागेत कापडाचे दुकान आहे. गिऱ्हाइकासमोर थान उलगडता उलगडता तो सांगत असे, "आमच्या मॅडम आता गाईचे ढेकर मोजून राहिल्या." गिऱ्हाईक विचारी, "अन् म्हशीचे कोण मोजते गा?" मग दुकानातली सारी माणसे हसत. मी डबा द्यायला गेलेली असले तर मीही हसे. सांगण्यासारखे पुष्कळ होते; पण सांगायचे म्हणजे आधी चार माणसांनी आपल्याकडे पाहायला हवे, आणि मला धाक त्याचाच.

सांगायचे असे ते एवढेच. गाय खाल्लेला चारा एकटीच्या बळावर पचवत नाही. तिच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातले असंख्य सूक्ष्मजीव तो आंबवतात आणि त्या आंबण्यातून मिथेन तयार होतो. लोक समजतात तसा तो मागून जात नाही. बहुतेक सगळा तोंडावाटे, ढेकरांतून आणि श्वासातून बाहेर पडतो आणि हवा तापवण्याच्या कामाला लागतो. एकाच गोठ्यात एकच चारा खाणाऱ्या दोन गाईंपैकी एक हा वायू जास्त सोडते, दुसरी कमी. या फरकाचा काही भाग रक्तातून आलेला असतो. तेव्हा कमी वायू सोडणाऱ्या गाई ओळखायच्या, त्यांचे गोऱ्हे पुढे वळू म्हणून राखायचे, आणि पिढ्यान्‌पिढ्या असा कळप घडवत न्यायचा की जो दूध तेवढेच देईल आणि हवा मात्र कमी नासवेल. काम अतिशय सावकाशीचे. ज्याला लवकर काही करून दाखवायचे आहे त्याने या वाटेला जाऊ नये. मला वाटले, मी मुळातच उशिरा निघालेली. मला घाई कशाची?

खरोखरच उशिरा निघाले होते. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर लग्न, मग मुली, मग एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर बेडकाच्या पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढत घालवलेली कितीतरी वर्षे. माझ्या बरोबरीच्या बायका गुडघ्यांविषयी बोलू लागल्या, तेव्हा मी पीएच.डी.ला नाव नोंदवले. माझे मार्गदर्शक माझ्याहून वयाने लहान होते. ते मला 'मॅडम' म्हणत आणि मी त्यांना 'सर'. या दोन शब्दांतली अडचण आम्हां दोघांनाही अखेरपर्यंत जाणवत राहिली. पदवी मिळाल्यावर कुणी नोकरी देईल, अशी आशा त्या वयात मला नव्हती. मला इतकेच हवे होते की आयुष्यात एक गोष्ट आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलेली असावी, आणि ती खरी असावी.

शहराबाहेर, संत्र्याच्या दोन बागांच्या मध्ये, आमच्या पशुसंशोधन केंद्राचा गोठा होता. दोन्ही बाजूंना गव्हाणी आणि मधून सिमेंटची वाट. गव्हाणीच्या एका टोकाला पत्र्याची पेटी बसवलेली. गाय त्या पेटीत तोंड घालून खुराक खाई, आणि पेटीच्या वरच्या काठाला लावलेली नळी तिच्या नाकपुड्यांजवळची हवा ओढून यंत्राकडे नेई. यंत्रावर आकडा उमटे. एकेक गाय आळीपाळीने पेटीपाशी आणायची, एवढेच काम. पण सगळे गणित एका अटीवर उभे होते. प्रत्येक गाईला तेच सुके कुटार, तोच हिरवा चारा, तोच खुराक, तोही तोलून मिळाला पाहिजे. एखादीच्या पोटात वेगळे काही गेले तर कमी भरलेला आकडा तिच्या रक्ताचा की तिच्या गव्हाणीचा, हे जगातले कोणतेही यंत्र सांगू शकत नाही. ही अट मी मोठ्या अक्षरांत लिहून गोठ्याच्या भिंतीवर लावली होती.

गोठ्याचे काम पाहणारा माणूस माझ्याच वयाचा होता. आधी बुटीबोरीच्या सूतगिरणीत होता. तिथल्या कापसाच्या धुळीने छाती धरू लागली म्हणून इकडे आला. मी त्याला 'भाऊ' म्हणत असे. तो कामाला चोख होता. खुराक तोलताना काटा स्थिर होईपर्यंत पाटीवरचा हात काढून घेई आणि माझ्याकडे पाही. मी मान हलवी. आमच्यातले बहुतेक बोलणे अशा मान हलवण्यातूनच चाले. त्याला याचे काही वाटत असेल, असे माझ्या मनात कधी आले नाही.

सासूबाईंना माझे हे शिक्षण पटलेले नव्हते. "पोरी उजवाच्या वेळी आई शाळेत जाते," असे त्या शेजारणींना सांगत. मात्र मी गाईंमध्ये काम करते हे कळल्यावर त्यांच्या बोलण्याला वेगळे वळण लागले. त्या खाप्याच्या. माहेरी तेलाची घाणी, दारात गाई. लग्न होऊन नागपुरात आल्या त्या अंगणाच्या घरात. पुढे अंगण गेले आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहू लागलो. वसुबारसेला गाय-वासराची पूजा करायची तर तेव्हापासून चांदीच्या बोटभर गाईची करावी लागे, आणि दर वर्षी त्या दिवशी त्यांचा चेहरा उतरलेला असे. त्या वर्षी त्या म्हणाल्या, "घरात गाईची डॉक्टर होऊन राहिली, अन् मी खेळण्याची पूजा करू?"

मी परवानगी काढली. परवानगी मागायला सरांच्या दारापर्यंत जाऊन मी दोनदा परत फिरले होते, पण काढली. वसुबारसेच्या संध्याकाळी आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) नऊवारी नेसून, ताट सांभाळत गोठ्यात आल्या. रांगेच्या अगदी टोकाला एक तांबूस गाय होती, कपाळावर चंद्रकोरीसारखा पांढरा डाग असलेली. तिच्या पायाशी तिचे तान्हे वासरू आणि पलीकडच्या कप्प्यात तिचाच दोन वर्षांचा गोऱ्हा. आईंनी सगळा गोठा चालून पाहिला आणि तिच्यासमोर येऊन थांबल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "आमच्या खाप्याच्या गाईवानी आहे."

पूजा झाली. हळद-कुंकू लावताना गाईने मान झटकली आणि कुंकू आईंच्या पदरावर सांडले; त्या कितीतरी दिवसांनी मोकळे हसल्या. भाऊने ताट धरले होते. दोघे कुटार, ढेप, दुधाचा दाटपणा असे काय काय बोलत राहिले. मी यंत्राजवळ उभी राहून त्यांचे संपायची वाट पाहत होते.

घरी परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "रोजचा एक घास माह्या नावानं त्या गाईले देत जाय. जवसाची ढेप. मी खाप्याहून आणवतो."

मी अट समजावून सांगितली. माझ्या परीने सोपे करून सांगितले. ढेप म्हणजे घाणीत तेल गाळून उरलेली पेंड; तिच्यात राहिलेल्या जवसाच्या तेलाने पोटातला वायू कमी होतो, हे जगभर माहीत झालेले आहे. म्हणून तर ते या गाईंना मुळीच चालायचे नाही, असेही सांगितले.

"वायू कमी होते? मंग चांगलंच आहे की वं!"

"चांगले आहे आई, पण मग ते गाईचे राहत नाही. ते ढेपेचे होते."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिले. "दिवसभर गाईत उभी रायते, अन् एका गाईले घास देववत नाही तुह्यानं," त्या एवढेच म्हणाल्या. विषय संपला, असे मी मानले.

हिवाळ्यात मापन सुरू झाले, आणि त्यात चंद्रकोरीची ती गाय सगळ्यांत कमी भरली. एकदा नव्हे, दर फेरीला. दूध मात्र उतरलेले नाही, अंगावर तुकतुकी. यंत्र बिघडले असेल या भीतीने मी नळी बदलून पाहिली, गाईंचा क्रम बदलून पाहिला. आकडा हलेना. सरांना दाखवले तेव्हा त्यांनी खुर्ची मागे सारली आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्या हाती काय लागले आहे?" मला कल्पना होती. त्या दिवशी घरी येताना मी बर्डीच्या बाजारात उतरून, काही कारण नसताना, स्वतःसाठी एक चांगले पेन घेतले.

पुढच्या गोष्टी भराभर ठरल्या. एका वेळी एकच गोऱ्हा वळू म्हणून राखता येईल एवढीच केंद्राची ऐपत. त्या गाईचा दोन वर्षांचा गोऱ्हा निवडला गेला. बाकीच्या गाईंचे गोऱ्हे बाहेर द्यायचे ठरले आणि ते गेलेही. निवडलेल्या गोऱ्ह्याचे रेत साठवून गावोगावच्या कृत्रिम रेतनासाठी पाठवायचे, अशी योजना तयार झाली.

उन्हाळा लागल्यावर एकदा पेटीतली नळी हवा ओढेनाशी झाली. नळीच्या तोंडाशी धूळ अडवायला बारीक जाळी असते. ती काढून पाहिली तर तिच्यावर तपकिरी, तेलकट पीठ चिकटलेले. आमच्या खुराकात असे काही नसते. मी ते नखाने खरवडले आणि नाकाजवळ नेले.

तो वास मला घरचा होता. आमच्या गॅलरीत कूलरच्या मागे एक पोते कित्येक महिन्यांपासून होते. कशाचे, असे मी एकदा विचारले होते. आई म्हणाल्या होत्या, "ढेप आहे. कुंड्याइले." कुंड्यांना ढेप घालतातच. मी पुन्हा विचारले नव्हते.

जाळी हातात घेऊन मी वळून पाहिले. चंद्रकोरीची गाय नुकतीच पेटीपासून मागे नेली होती. तिच्या ओठांच्या काठावर तेच पीठ होते. भाऊ तिचे दावे बांधत होता.

"भाऊ, हिला तुम्ही काही वेगळे देता?"

"नाही मॅडम. खुराक मोजूनच देतो. तुमच्यासमोरच तं देतो."

"मग हे काय आहे?"

त्याने वाकून पाहिले आणि त्याचा चेहरा एकदम सैल झाला. "हे होय! हे तं आजीबाईची नवसाची ढेप. हे खुराकात नाही येत. खुराक झाल्यावर पेटीतच हातानं चारतो मी, रोजचं, तुम्ही तिकडं आकडे लिहून राहता तवा."

दर रविवारी, त्याने सांगितले, तो बहिणीकडे महाल भागात येई आणि जाताना आमच्या इमारतीखाली थांबून पिशवी घेऊन जाई. रविवारी सकाळी मी भाजी आणायला बाहेर असते.

"किती?" मी विचारले.

त्याने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली. मग जरा थांबून, प्रामाणिकपणे, ती आणखी मोठी केली. "कधी दोनदा. तिले आवडते ना."

"मला काहून नाही सांगितले?" मी त्याच्याच बोलीत विचारून बसले.

"तुमच्याच घरचं होतं, मॅडम," तो गोंधळून म्हणाला. "मले वाटलं तुम्हाले माहीत असन. तुम्ही काही बोलत नाही, तं मी म्हटलं, साहेब लोकांसमोर नवसाचं बोलाची लाज वाटत असन मॅडमले. म्हणून मीबी नाही बोललो."

त्याच्यावर रागावणे शक्य नव्हते, आणि ते शक्य नव्हते याचाच मला अधिक राग आला. त्याच्या लेखी खुराक म्हणजे काट्यावरून जाणारी गोष्ट आणि नवसाचा घास म्हणजे निराळीच. भिंतीवरची माझी अट त्याने एका अक्षरानेही मोडलेली नव्हती.

घरी आले तेव्हा आई टीव्हीसमोर लसूण सोलत होत्या. मी पर्स न ठेवताच विचारले. त्यांनी नाकारले नाही, की आवाजही खाली आणला नाही.

"मी गाईले खाऊ घातलं. विष नाही घातलं."

"माझे सगळे काम त्या गाईवर उभे आहे, आई. मी तुम्हाला सांगितले होते."

"तू सांगतलं, मी ऐकलं. पण नवस बोलून बसली होती ना मी. तो मोडू? पोराचा व्हिसा अडकला होता."

पोरगा म्हणजे माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. त्याला कॅनडाला जायचे होते. कागद दोनदा परत आले होते, तिसऱ्यांदा मंजूर झाले. फेब्रुवारीत आम्ही सगळे त्याला विमानतळावर पोचवायला गेलो होतो. आईंनी त्याच्या हातावर दही घातले होते, तेव्हा त्या चंद्रकोरीच्या गाईचे काही पुटपुटल्या होत्या, हे मला आता आठवले.

"आला की नाही व्हिसा?" त्यांनी विचारले. मग लसणीची पाकळी ताटलीत टाकत, अगदी सहज, "तुह्यासाठी कायले मागू? तू तं गाईतच आहे."

रात्री नवरा जेवायला बसला तेव्हा मी त्याला सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले. तो वाईट माणूस नाही.

"आईले आता या वयात काय बोलू मी?" तो म्हणाला. "अन् खरं सांगू का? गाय खूश, आई खूश, पोरगा कॅनडाले पोचला. एक तूच नाराज आहे."

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या दारावरून परत फिरले नाही. जाळी कागदात गुंडाळून नेली होती. ती त्यांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी तिला हात लावला नाही.

"किती ढेप खाल्ली, कधीपासून, हे नेमके कुणाला सांगता येईल का?"

"नाही, सर."

"मग तिचा परिणाम झाला, हे तरी कशावरून?"

मी म्हटले, ढेप बंद करून पुन्हा मोजू. ते लगेच हो म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत. ढेप बंद केली. पोटातले सूक्ष्मजीव पूर्ववत होण्यासाठी द्यायचा तेवढा वेळ दिला. त्या दिवसांत भाऊ माझ्याशी बोलत नसे. खुराक तोलताना माझ्याकडे पाहत नसे. खुराक संपला की ती गाय त्याच्या हाताकडे मान लांबवी, आणि तो हात मागे घेई, माझ्यासमोर. मग मी मोजले. ती इतर गाईंसारखीच निघाली. किंचित वरचीच.

तिचा आकडा बाजूला काढल्यावर सर्वांत कमी कोण, हेही मी पाहिले. ती एक काळी, लाथाडी, आडव्या शिंगांची गाय होती; तिच्याजवळ जायला कुणी राजी नसे आणि तिला कुणी कधी कुंकू लावले नव्हते. तिचा गोऱ्हा हिवाळ्याच्या शेवटी बाहेर दिलेल्यांत गेला होता. कुठे गेला, ते कुणाला सांगता आले नाही.

सरांनी दुसरे मापन वाचले आणि म्हणाले, "गाय आता आटत आली आहे. दूध कमी, खाणे कमी. हे आकडे हिवाळ्याच्या आकड्यांशी जुळवून पाहता येणार नाहीत."

"खाणे कमी झाले तर वायूही कमी व्हायला हवा होता, सर. तो वाढला आहे."

हे वाक्य मी जिन्यात म्हणून पाहिले होते. ते नीट बाहेर पडले याचे मला त्या क्षणीही समाधान वाटले, इतकी मी वेडी. सरांनी समोरचे कागद उभे धरून टेबलावर ठोकले, कडा जुळवल्या.

"मॅडम, वळू जाहीर झालेला आहे. पाहुणे ठरले आहेत. तुमचे काम उत्तम आहे. एका ओंजळीसाठी त्याची माती करू नका. तुम्हाला या वयात कुणाशी स्पर्धा करायची आहे?"

मी म्हटले, "कुणाशीच नाही."

"मग झाले तर."

पण झाले नाही. ती गाय ठेवून प्रबंध लिहिणे मला जमेना, आणि ती वगळून लिहिला तर सर त्यावर सही करीनात. ते कधी रागावले नाहीत. 'पुन्हा एकदा विचार करा' एवढेच म्हणत, दर वेळी तितक्याच सौजन्याने. मी विचार करत राहिले, आणि नोंदणीची मुदत संपली. मुदत वाढवून घेता आली असती. त्या अर्जावरही त्यांचीच सही लागत होती.

वळूचा समारंभ झाला, त्याला मी गेले. बोलावणे सगळ्या कर्मचाऱ्यांना होते. वळूला झेंडूचा हार, शिंगांना गेरू, आणि गळ्यात पाटी: 'कमी मिथेनचा वळू'. निष्कर्ष एका तरुण सहकाऱ्याने वाचले. तो चांगले बोलला. पडद्यावरचे आलेख मी काढलेले होते आणि ते दुरूनही स्पष्ट दिसत होते. आभाराच्या भाषणात माझे नाव 'ज्येष्ठ सहकारी' म्हणून आले, टाळ्या पडल्या, आणि शेजारच्या बाईंनी मला कोपराने ढोसून उठून उभे राहायला लावले. वर्तमानपत्रात वळूचा फोटो आला. आईंनी तो कापून देवघरात, चांदीच्या गाईमागे, उभा केला. पूजा करताना मला तो रोज दिसतो. मी पुन्हा त्याच महाविद्यालयात तासिका तत्त्वावर जाते. बेडकाऐवजी अभ्यासक्रमात आता झुरळ आहे.

गेल्या दिवाळीनंतर आम्ही खाप्याला गेलो, आईंच्या भावाकडे. घाणीचे यंत्र नवे आले आहे, पण अंगण तेच आहे. कन्हान नदीच्या बाजूने वारा आला की सगळ्या घरभर तेलाचा वास पसरतो. मामाजींनी गाडीतून उतरल्या उतरल्या आम्हांला गोठ्याकडे नेले. तिथे एक कालवड बांधलेली होती. काही महिन्यांची, तांबूस, लांब कानांची. कपाळावर पांढरा डाग. चंद्रकोर म्हणता येणार नाही, पण डाग होता.

"त्याच वळूची," मामाजी म्हणाले. "ढोराच्या डॉक्टरले मुद्दाम सांगतलं मी, पेपरातल्याच वळूच्या रेताची कांडी पाह्यजे. आपल्या सूनबाईच्या हातचा वळू आहे म्हटलं."

"पाह्य वं!" आई मला पुढे ओढत म्हणाल्या. "आपल्या गाईची नात."

नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढला आणि तिथूनच कॅनडाला पाठवला.

कालवडीच्या पुढ्यात टोपली होती. टोपलीत घाणीवरची ताजी ढेप, अजून कोमट. मी मामाजींना विचारले की हिला हे रोज असते का.

"रोज म्हणजे? घाणी घरची आहे, सूनबाई. आमच्याकडं सगळी जनावरं यावरच वाढतात." मग काही आठवून ते उत्साहाने म्हणाले, "अन् तुमच्या केंद्राचे साहेब येऊन गेले ना. म्हणे हे कालवड जनली, दुधावर आली, का हिलेबी नळी लावून पाहू. बापाचा गुण उतरला का नाही, ते समजन."

मला घसा खाकरावा लागला. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

"मामाजी, नळी लावायच्या आधी हिची ढेप बंद करावी लागेल. आधी बरेच दिवस. नाहीतर ते माप खरे नसेल."

मामाजी मोठ्याने हसले. हसण्यात वाईट काही नव्हते. "ढेप बंद? घाणीवाल्याच्या दारात वासरू उपाशी ठेवू? लोकं काय म्हणतीन?" ते नवऱ्याकडे वळले. "काहून गा, शहरात असंच शिकवतात का?"

"ते ढेकरवालं शास्त्र आहे, मामा," नवरा म्हणाला, आणि सगळे हसले. ते हसणे ओसरेपर्यंत मी गप्प उभी राहिले.

मी गणित करत होते. ही कालवड मोठी होईल, विईल, दुधावर येईल, आणि एखाद्या हिवाळ्यात कुणीतरी तरुण मुलगा किंवा मुलगी हिच्या नाकाशी नळी धरील. आकडा कमी येईल. दर फेरीला कमी येईल. बापाचा गुण उतरला, असे लिहिले जाईल. लिहिणाराही खोटे लिहिणार नाही, मोजणारा चुकणार नाही, आणि हिला ढेप घालणारे हात इतक्या मायेचे असतील की त्यांना कुणी काही विचारणारही नाही. त्या काळ्या गाईचा गोऱ्हा या वेळी कुठे असेल, कुणाच्या नांगराला, की कुठेच नाही, हा विचार मी मनातून काढून टाकला.

आईंनी टोपलीतला ढेपेचा एक तुकडा मोडला आणि माझ्या हातावर ठेवला.

"दे वं," त्या म्हणाल्या. "तवा नाही दिला. आता तुह्याच हातानं दे."

मामाजी पाहत होते. नवऱ्याने मोबाइल पुन्हा वर धरला होता. तुकडा तळव्यावर कोमट लागत होता. मी हात पुढे केला. कालवडीने आधी हुंगले, मग तुकडा ओढून घेतला, आणि तो संपल्यावरही तिची खरखरीत जीभ माझ्या तळव्यावर फिरत राहिली, पार रेषांमधले तेल निघेपर्यंत.

"आला फोटो," नवरा म्हणाला.

परतीच्या वाटेवर पाटणसावंगीला चहासाठी गाडी थांबली, तेव्हा मी नळाखाली हात धुतला. साबण नव्हता. घरी येईपर्यंत गाडीत जवसाचा वास होता, आणि आई मागच्या सीटवर शांत झोपल्या होत्या.